मिनिटाला साठ शब्द, पण कशाचे?

खालचा उतारा एकदा मोठ्याने वाचा.

'काल संध्याकाळी एक लिंबूट पडकुली घेऊन गेंडाळात गेला. गेंडाळात त्याला तीन फुर्क्या दिसल्या. फुर्क्या फारच चपाट होत्या. त्यामुळे लिंबुटाने पडकुली तिथेच झिपवली.'

आता प्रश्न. लिंबूट कुठे गेला? गेंडाळात त्याला किती फुर्क्या दिसल्या? लिंबुटाने पडकुली का झिपवली? तिन्ही उत्तरं तुम्हाला आली असणार, आणि तिन्हींना पूर्ण गुण द्यावे लागतील. शेवटचा प्रश्न तर 'का' विचारणारा, म्हणजे आमच्या भाषेत 'विचारप्रवर्तक' होता. लिंबूट हा माणूस की किडा, हे मात्र तुम्हाला सांगता येणार नाही. मलाही येणार नाही. उतारा मीच रचलाय.

मी यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या बाजूला, जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. या दोन इयत्तांत परिसर अभ्यासाची प्रश्नोत्तरं बहुतेक ठिकाणी लिंबुटासारखीच सोडवली जातात. प्रश्नातला एखादा ठळक शब्द धड्यात शोधायचा, तो ज्या ओळीत सापडेल ती ओळ पूर्णविरामापर्यंत उतरवून काढायची. पोरं यात तरबेज असतात. 'रिकाम्या जागा भरा' तर धडा न वाचताच भरून होतात. वही सुंदर, अक्षर वळणदार, तपासणीला आलेले साहेब खूश. त्याच मुलाला पुस्तक मिटायला सांगून 'यात काय होतं रे?' असं विचारलं की तो छताकडे बघतो.

हाच मुलगा गोष्ट वाचतो तेव्हा असं होत नाही. कोल्ह्याने कावळ्याला कसं फसवलं, हे तो हातवारे करून सांगेल, वर दोन गोष्टी स्वतःच्या पदरच्या घालेल. चौथीचा परिसर अभ्यास दोन भागांत आहे. दुसऱ्या भागात शिवाजी महाराजांचा इतिहास. अफजलखानाची भेट, आग्र्याहून सुटका हे मुलं शिकवायच्या आधीच वाचून बसलेली असतात. पहिल्या भागात पाणी, अन्न, नकाशा, शरीर. तो भाग उघडायला सांगितला की वर्गाचा आवाज बसतो. वर्ग तोच, मुलं तीच, वाचनाचा वेगही तोच. एका भागात माणसं आहेत आणि त्यांचं पुढे काय होतं याची ओढ आहे. दुसऱ्यात कुणी नायक नाही. तिथे वाक्यं एकमेकांना वेगळ्याच रीतीने जोडलेली असतात. ती जोडणी पकडायला मुलांना कुणी शिकवलेलं नसतं. माझं म्हणणं एवढंच आहे की माहितीचा मजकूर वाचणं हे वेगळं काम आहे, ते शिकवावं लागतं, आणि परिसर अभ्यासाचा तास ही ते शिकवायची जागा आहे. आज त्या तासाला वाचन सोडून बाकी सगळं होतं.

जोडणी म्हणजे काय, ते दाखवते. मी फळ्यावर तीन वाक्यं लिहिली होती. जमिनीत मुरलेल्या पाण्याला भूजल म्हणतात. उपसा वाढला की त्याची पातळी खाली जाते. यामुळे उन्हाळ्यात विहिरी आटतात. वाचून झाल्यावर विचारलं, 'यामुळे म्हणजे कशामुळे?' सगळ्या वर्गाचं एकच उत्तर, 'उन्हाळ्यामुळे, मॅडम.'

हे उत्तर चुकीचं असलं तरी मूर्खपणाचं नाही. विहिरी उन्हाळ्यात आटतात हे आमच्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल. मुलांनी ओळखीचा शब्द पाहिला, घरून आणलेलं ज्ञान तिथे चिकटवलं आणि मजकुरात नवीन जे होतं, उपसा आणि पातळी यांचा संबंध, त्यावरून सरळ पुढे गेली. 'उपसा' हा शब्द त्यांना अडला नव्हता. इथे मोटारीशिवाय शेत नाही. 'भूजल' नवा होता, पण त्याचा अर्थ त्याच वाक्यात दिलेला होता. अडलं ते 'त्याची' आणि 'यामुळे' इथे. गोष्टीतला 'तो' म्हणजे कोल्हा, हे आपोआप कळतं. माहितीतलं 'यामुळे' अख्ख्या मागच्या वाक्याकडे बोट दाखवतं, आणि ते मागचं वाक्य डोक्यात धरून ठेवावं लागतं.

म्हणून आता आम्ही बोट ठेवूनच वाचतो. 'यामुळे' आलं की एक बोट तिथे, दुसरं बोट मागे जातं आणि ज्या गोष्टीमुळे झालं तिथे जाऊन थांबतं. 'त्यांना', 'असे', 'या क्रियेत', 'वरीलपैकी', सगळ्यांना तोच नियम. दोन मुलांची बोटं वेगवेगळ्या जागी थांबली की भांडण सुरू होतं आणि मी गप्प बसते. हे गप्प बसणं माझ्या नोकरीतलं सगळ्यात अवघड काम आहे. कारण आम्हा शिक्षकांना 'समजावून सांगण्याची' भारी हौस. मुलाने एक वाक्य वाचलं की आम्ही त्यावर पाच वाक्यं बोलतो. मुलं हुशार असतात. मॅडम सांगणारच आहेत तर वाचायचं कशाला, हे ती तिसरीतच ओळखतात. मग सहावीत विज्ञानाचं पुस्तक एकट्याने वाचायची वेळ आली की ती गाईडकडे वळतात. गाईडवाल्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

एका पालकाने मुख्याध्यापकांकडे तक्रार केली होती. 'मॅडम शिकवतच नाहीत जी, पोराइलेच इचारत राह्यतात.' तक्रार अगदी वस्तुस्थितीला धरून होती.

आता मोजमापाबद्दल. निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं. तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान साठ शब्द अर्थासह वाचावेत, हे त्याचं एक लक्ष्य. लक्ष्य चांगलं आहे. अडखळत, अक्षर अक्षर जोडत वाचणाऱ्या मुलाला वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात आठवत नाही, त्यामुळे ओघ हवाच. पण शाळेत काय पोहोचलं? मोबाईलवरचं घड्याळ. 'साठ शब्द' पोहोचले, 'अर्थासह' वाटेतच कुठेतरी उतरलं. आणि माहितीचा मजकूर साठच्या वेगाने वाचायचा नसतोच. तिथे थांबावं लागतं, मागे जावं लागतं, चित्र बघून परत ओळीवर यावं लागतं. भूजलाची ती तीन वाक्यं माझ्या वर्गाने पंधरा सेकंदांत वाचली होती, म्हणूनच विहिरी उन्हाळ्यामुळे आटल्या.

चाचणीतला मजकूरही बहुधा गोष्टीचाच असतो. 'प्रथम'चं असर सर्वेक्षण २००५ पासून चालू आहे आणि ग्रामीण शिक्षणाचं वास्तव देशापुढे मांडल्याबद्दल त्यांचे उपकारच मानले पाहिजेत. त्यांच्या वाचन चाचणीची चढण अशी: अक्षर, शब्द, परिच्छेद आणि सगळ्यात वर गोष्ट. गोष्ट वाचली की मूल शिडीच्या माथ्यावर. त्यांचा हेतू मर्यादित आहे आणि तो त्यांनी लपवलेला नाही. पण आपण सगळ्यांनी ती शिडी इतकी मनावर घेतली की त्यापुढे काही उरतं याचा विसर पडला. चौथीच्या मुलांसाठी पर्ल्स नावाची एक आंतरराष्ट्रीय वाचन चाचणी २००१ पासून दर पाच वर्षांनी होते. तिच्यात निम्मे उतारे साहित्याचे आणि निम्मे माहितीचे असतात. भारत तिच्यात भाग घेत नाही. घ्यावाच असं मी म्हणत नाही. नंबर कितवा आला यावर दूरदर्शनवर चर्चा झडण्यापलीकडे त्यातून काय निघेल कोण जाणे. ती निम्मी वाटणी मात्र उचलण्यासारखी आहे.

गोष्टींकडे झुकलेला तराजू फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. नेल ड्यूक या अमेरिकन संशोधक बाईंनी बॉस्टन परिसरातल्या पहिलीच्या वीस वर्गांत बसून नोंदी केल्या होत्या. २००० साली त्या छापून आल्या. माहितीच्या मजकुराला दिवसाकाठी सरासरी ३.६ मिनिटं मिळत होती. आपल्याकडे कुणी असं घड्याळ लावून बसलं तर काय निघेल, याचा अंदाज मी करू शकते, पण जाऊ दे.

शाळेच्या पुस्तकपेटीत हात घाला. बिरबल, इसप, परीकथा, बोधकथा, थोरांच्या लहानपणच्या गोष्टी. साप, जेसीबी, दात का पडतात, वीज कशी येते, यांवरचं पुस्तक क्वचित. 'लहान मुलांना गोष्टच आवडते' हे त्याचं ठरलेलं समर्थन. माझ्या वर्गात सगळ्यात जास्त फाटलेला कागद आहे तो विषारी सापांचा तक्ता. नाग, मण्यार, घोणस, फुरसं. मण्यारच्या अंगावरचे पट्टे आणि बिनविषारी कवड्याचे पट्टे यातला फरक या विषयावर दुसरीतलं पोर आठवीतल्या भावाशी वाद घालतं आणि पुरावा म्हणून त्याला हाताला धरून तक्त्यापाशी आणतं. याहून चांगलं वाचन कोणतं? पुस्तकं अगदीच नाहीत असंही नाही. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतंय, नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका आहे, प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठीत फुकट वाचायला मिळतं, अरविंद गुप्तांनी तर संकेतस्थळावर खजिनाच मांडून ठेवलाय. शाळेचं अनुदान खर्च करताना यादी कोण करतं आणि कशी करतं, तिथे पाणी मुरतं.

गेल्या हंगामात गावात कृषी विभागाचं गुलाबी बोंडअळीवरचं माहितीपत्रक वाटलं. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, हा आमच्याकडे हवेसारखा विषय. सुटीच्या दिवशी निम्मा वर्ग आईबरोबर वावरात असतो. मी ते पत्रक चौथीला वाचायला दिलं. भाषा सरकारी. 'प्रादुर्भावग्रस्त डोमकळ्या तोडून नष्ट कराव्यात.' पाठ्यपुस्तकात असं वाक्य असतं तर वर्ग आडवा झाला असता. इथे 'डोमकळ्या' वाचल्याबरोबर मागून आवाज आला, 'ते नाई का, गुलाबाच्या कळीसारखी होऊन राह्यते, उमलतच नाई, ते.' मग 'प्रादुर्भावग्रस्त' काय असेल ते त्यांनीच ठरवलं. बरोबर ठरवलं.

'कामगंध सापळे' आलं तेव्हा अडलं. एकीचा तर्क, काम करून माणसाला घामाचा जो वास येतो तो. वर्ग हसला, मी म्हटलं, पुढची दोन वाक्यं वाचा आणि मग सांगा. पुढे होतं की मादीच्या गंधाकडे नर पतंग ओढले जातात आणि सापळ्यात अडकतात. तिने पुन्हा वाचलं आणि म्हणाली, 'म्हंजे पतंगाले फसवाचा वास.' शब्दकोशापेक्षा बरी व्याख्या. त्याखाली होतं, हेक्टरी पाच सापळे. गावात हेक्टर कुणी बोलत नाही, सगळा हिशेब एकरात. एका हेक्टरचे साधारण अडीच एकर, हे मी फळ्यावर लिहिलं. एकरी दोन सापळे हे त्यांनी काढलं. नंतर कुणाच्या वावरात किती एकर आणि किती सापळे लागतील याची यादी, ती गणिताच्या वहीत.

खरी मजा पुढे होती. एक मुलगा हटून बसला, 'अळी बोंडात आपोआप पडते. बोंड फोडलं का आतच असते, बाहेरून भोक नाई दिसत.' त्याने डोळ्यांनी पाहिलेलं होतं. पत्रकात लिहिलं होतं की पतंग अंडी घालतो, अंड्यातून निघालेली बारीक अळी कोवळ्या बोंडात शिरते आणि शिरलेली जागा नंतर बुजते. आता पत्रक खरं की डोळे? इथे मी त्याला पत्रकावर विश्वास ठेव असं सांगितलं असतं तर वाचन तिथेच संपलं असतं. त्याने तो परिच्छेद तीनदा वाचला, प्रत्येक वेळी थोडा सावकाश. 'बुजते' या शब्दावर त्याचं बोट थांबलं. 'हं, मंग दिसणार कसं.' घरून आणलेली समजूत आणि छापील वाक्य यांची गाठ पडते, कोणती तरी एक सैल करावी लागते, आणि ती मजकुराच्या आधाराने करावी लागते. गोष्टीत ही वेळ सहसा येत नाही. कोल्हा बोलतो म्हटल्यावर तो बोलतो.

आधी ठाऊक असलेल्या गोष्टींचा वाचनाला केवढा आधार असतो, यावर डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांचा १९८८ चा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. बेसबॉलच्या खेळाचं वर्णन मुलांना वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं वाचनात पक्की पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. आमच्या इथे बेसबॉलच्या जागी बोंडअळी ठेवा. कोलामी किंवा गोरमाटी घरी बोलणारी मुलं माझ्या वर्गात आहेत. मराठी गोष्टीच्या तासाला ती मागे असतात. पत्रकाच्या दिवशी ती पुढे होती. याचा अर्थ सगळे धडे कापसावरच करावेत असा कुणी काढू नये. तसं केलं तर मूल आयुष्यभर कापसातच राहील. ओळखीच्या विषयावर हात बसला की अनोळखी विषयाकडे न्यायचं. ध्रुवावरचं अस्वल, चंद्रावरची विवरं, मुंबईची लोकल. तिथे नेताना आधी दहा मिनिटं गप्पा, चित्रं आणि त्यांखालच्या ओळी पहिल्यांदा, शीर्षकाचा प्रश्न करून घ्यायचा आणि मग वाचायला बसायचं. पेन्सिलीने समासात खूण: ठाऊक होतं त्याला बरोबरची, नवीन त्याला टिंब, पटलं नाही त्याला फुली. फुल्या जास्त पडल्या की तास चांगला झाला असं मी समजते.

हे सगळं कशासाठी, असं विचारणाऱ्यांना एक आठवण करून द्यावीशी वाटते. २०१७ च्या पावसाळ्यात फवारणी करताना विषबाधा होऊन आमच्या जिल्ह्यात वीसेक माणसं गेली. त्याची कारणं अनेक होती: औषधांची मिश्रणं, उंच वाढलेली पऱ्हाटी, अंगावर संरक्षक कपडे नसणं, बाजारात काहीही विकलं जाणं. वाचता आलं असतं तर सगळे वाचले असते, असं म्हणणं मेलेल्यांवर दोष ढकलल्यासारखं होईल. तरी डब्याबरोबर येणारं ते घडीपत्रक एकदा बघा. मुंगीएवढी अक्षरं, एकाखाली एक अनेक भाषा. डब्यावर कोनावर उभा केलेला चौकोन असतो आणि त्याचा खालचा त्रिकोण रंगीत असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. डबे शाळेत आणायचे नाहीत हे आधी बजावून मी तो चौकोन फळ्यावर काढला आणि हिरव्याचा अर्थ विचारला. 'चालते', 'काही होत नाही', 'सिग्नलसारखं'. हिरवा म्हणजे कमी जहाल, पण विषच, हे त्या चित्राची सूची वाचल्याशिवाय कळत नाही. रंगाला स्वतःचा अर्थ नसतो, सूची देईल तो अर्थ, हेच नकाशा शिकवताना सांगायचं असतं. आम्ही ते जिल्ह्याच्या नकाशावर सांगतो, एका गुणासाठी.

वाचनाबरोबर लिहिणंही हवं. पाणी, सण, मोबाईल यांवरचे दहा ओळींचे निबंध नव्हेत, ते पाठच असतात. रोडगे कसे करतात, ते असं लिही की ज्याने कधी केले नाहीत त्यालाही करता यावेत. एकाने कणीक मळली, गोळे केले, भाजले, तुपात बुडवले; गोवऱ्या पेटवायच्याच राहिल्या. शेजारणीने वाचून विचारलं, 'भाजले कायच्यावर, डोक्यावर?' त्याने वाक्य घातलं. आपण काय गृहीत धरलं हे लिहिणाऱ्याला वाचणाऱ्याकडूनच कळतं. पाठ्यपुस्तकं आणि सरकारी पत्रकं लिहिणाऱ्यांनाही अशी एखादी शेजारीण मिळायला हवी.

वेळ कुठून आणायचा, हा सहकाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न खरा आहे. दोन शिक्षक, चार वर्ग, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, वर मतदार यादी. पण मी नवा तास मागत नाही. परिसर अभ्यासाचा तास वेळापत्रकात आहेच. धड्यातलं एक पान निवडून ते मुलांनी वाचायचं आणि आपण समजावून सांगायचं नाही, एवढाच बदल. बाकीची पानं एरवीसारखी भराभर गेली तरी चालतील. शिक्षण परिषदेत भाषणांऐवजी आम्ही शिक्षकांनीच चौथीचं एक पान असं बोट ठेवून वाचावं, म्हणजे कुठे अडतं ते आम्हालाही दिसेल.

आणि वाचनाच्या पडताळणीला येणाऱ्या पथकाकडे एक मागणी आहे. पुढच्या वेळी गोष्टीबरोबर एक उतारा पाण्याचा, खताचा किंवा एसटीच्या वेळापत्रकाचा आणा. घड्याळ खिशात ठेवा. वाचून झाल्यावर एकच प्रश्न विचारा, आणि त्याचं उत्तर उताऱ्यातली एखादी ओळ जशीच्या तशी उतरवून मिळणार नाही असा असू द्या. असे उतारे हाताशी नसतील तर आमच्या शाळेत विचारा. रोडग्यांचा आहे, डोमकळीचा आहे, विहिरीचा आहे. मुलांनीच लिहिलेत, गोवऱ्या पेटवून.